विमानाशिवाय वैमानिक

सांगलीला विमानतळ नाही. कवलापूरला धावपट्टीची जागा आहे, आणि निवडणूक जवळ आली की तिच्यावरून आश्वासनं उडतात. आम्हा सातारकरांना तर तेवढाही आधार नाही. आमच्या जिल्ह्याची धावपट्टी कऱ्हाडला, आणि तिथंही तिकीट काढून बसावं असं विमान येत नाही. अशा मुलखात राहून आमच्या दाजींच्या मनात पायलटचं घड्याळ घ्यायचं आलं. तेही साधंसुधं नव्हे, क्रोनोग्राफ. म्हणजे वेळ दाखवता दाखवता वेळ मोजणारंही.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे अडते. मध्ये हळदीला भाव बरा लागला. लोक अशा वेळी प्लॉट घेतात, नाहीतर मुलीचं लग्न काढतात. दाजींचं दोन्ही आधीच उरकलेलं. त्यांनी मला फोन केला, “पाव्हणं, तुम्ही वाचता-बिचता. दोन घड्याळं मनात भरल्यात. एक बायटिंग, दुसरं आयडब्ल्यूसी. कुठलं घेऊ?”

बायटिंग म्हणजे ब्राइटलिंगचं नॅव्हिटायमर. दोन्ही स्विस, दोन्ही यांत्रिक. किमतीही अशा की त्याच पैशात नवी वॅगन-आर दारात उभी राहते, आणि तिच्यातही घड्याळ असतंच. हे मी दाजींना बोलून दाखवलं. ते म्हणाले, “गाडी लग्नात आत नेता येत नाही.”

लग्नाचा मुद्दा त्यांनीच काढला म्हणून मला एक गोष्ट सांगणं भाग पडलं. क्रोनोग्राफमधला मधला लांब सेकंदकाटा एरवी बाराच्या आकड्यावर गप्प उभा असतो. वरचं बटण दाबलं तरच तो निघतो. चालू सेकंद दाखवणारा काटा वेगळा, तबकडीतल्या एका छोट्या वर्तुळात, मोहरीएवढा. म्हणजे दाजी हे घड्याळ घालून मांडवात बसले की अक्षता पडेपर्यंत किमान दहा जण मनगटाकडे बघून म्हणणार, “दाजी, घड्याळ बंद पडलंय तुमचं.” वर एखादा कनवाळू सोयरा सेल कुठं बदलून मिळतो तेही सांगणार. दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी बटण दाबूनच ठेवतो की कायम.” क्रोनोग्राफ घ्यायचा आणि तो बंद दिसू नये म्हणून सारखा पळवत ठेवायचा! पण यात हसण्यासारखं काय आहे? ट्रेडमिल घेतलेल्या माणसानं तिच्यावर कपडे तरी वाळत घातलेच पाहिजेत.

इथवर दोन घड्याळं आणि दोन माणसं होती. मग यात आमचे अण्णा शिरले.

अण्णा माझे चुलते. सांगलीच्या वालचंद कॉलेजचे सिव्हिल इंजिनिअर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. हिशेबाचं यंत्र खिशात मावायला लागलं त्याच्या आधीच्या पिढीतले. त्यांची स्लाइड रूल अजून कातडी म्यानासकट कपाटात आहे, आणि दसऱ्याला शस्त्रांत तिचीही पूजा होते. नॅव्हिटायमरचा फोटो दाखवल्यावर ते किमतीवर काहीच बोलले नाहीत. चष्मा कपाळावर सारून मोबाइल नाकाला लावला आणि म्हणाले, “अरे, ही तर गोल केलेली स्लाइड रूल आहे!”

आहेच. १९५२ साली ब्राइटलिंगनं हे घड्याळ आखलं तेव्हा वैमानिकाला वेग, अंतर आणि इंधन यांचा हिशेब हातावरच करता यावा म्हणून तबकडीभोवती दोन लॉगरिदमी पट्ट्या दिल्या. आतली स्थिर, बाहेरची कड्यासकट फिरणारी. अण्णांनी लगेच कागदावर दोन वर्तुळं काढून दाजींना व्हिडिओ कॉलवर शिकवणी सुरू केली. “हे बघा, सातारा-कऱ्हाड बावन्न किलोमीटर. एसटीला लागली पासष्ट मिनिटं. बाहेरचे बावन्न आणून आतल्या पासष्टवर ठेवा. आता आतल्या साठच्या डोक्यावर काय आलं? अठ्ठेचाळीस. तुमची गाडी ताशी अठ्ठेचाळीसनं आली.” दाजी चकित. पण अण्णा प्रामाणिक माणूस. त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. या पट्टीला दशांश चिन्ह कळत नाही. ती फक्त चार आणि आठ एवढंच सांगते. पुढे ४.८ की ४८ की ४८० हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

“म्हणजे एसटी चारशे ऐंशीनं आली असं पण म्हणता येतं?”

“म्हणता येतं. पण मग तुम्ही पायलट.”

या एका वाक्यावर दाजींचं मत नॅव्हिटायमरकडे झुकलं. क्विंटलचा भाव, अडत, हमाली, तोलाई सगळं या कड्यावर होईल का, अशी चौकशी सुरू झाली. अण्णांनी होईल म्हणून सांगितलं. मला मात्र काळजी वाटली, कारण ज्या यंत्राला हजार आणि दहा हजार यांतला फरक दिसत नाही ते अडत्याच्या हातात असणं शेतकऱ्याच्या दृष्टीनं फारसं बरं नव्हे.

आयडब्ल्यूसीची बाजू मग मला मांडावी लागली. शाफहाउजनची ही कंपनी १९३६ पासून वैमानिकांसाठी घड्याळं करते. १९४८ साली ब्रिटिश हवाई दलासाठी तिनं मार्क ११ केलं, त्यात यंत्राभोवती मऊ लोखंडाची डबी, का तर कॉकपिटमधल्या चुंबकीय क्षेत्रानं वेळ चुकू नये. आजचं त्यांचं पायलट क्रोनोग्राफही त्याच वळणाचं. काळी तबकडी, ठसठशीत पांढरे आकडे, आकडेमोडीची कसली भानगड नाही. अण्णा तुच्छतेनं म्हणाले, “नुसती वेळ?”

मी दाजींना फक्त एवढंच सांगितलं की ते पाण्यात शंभर मीटरचं आहे आणि नॅव्हिटायमर तीस मीटरचं.

पाणी हा शब्द दाजींपाशी जपून वापरावा लागतो. हरिपूरला त्यांच्या वडिलांची हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली ही कोठारं. तोंड लिंपून बंद केलं की आत हवा नाही, किडा नाही, हळद वर्षानुवर्षं तशीच. २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी हरिपुरात शिरलं आणि पेवांतही उतरलं. तेव्हापासून घरात टूथपेस्ट आली तरी दाजी झाकण दाबून बघतात. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तो आकडा त्यांना स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा चोख पाठ. त्यांनी तिथल्या तिथं हिशेब मांडला. सत्तावन्न फूट म्हणजे जवळजवळ साडेसतरा मीटर, म्हणजे तीस मीटरचं घड्याळसुद्धा पुरात टिकलं पाहिजे.

टिकत नाही. घड्याळवाल्यांचे मीटर आणि आपले मीटर वेगळे. तीस मीटर म्हणजे हात धुवा, पोहू नका. स्कॉट कार्पेंटर हा अमेरिकन अंतराळवीर मे १९६२ मध्ये चोवीस तासांच्या तबकडीचं नॅव्हिटायमर घालून पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारून आला. अवकाशात घड्याळ धडधाकट होतं. यान समुद्रात उतरलं, त्याला बाहेर येऊन तराफ्यावर बसावं लागलं, आणि घड्याळात खारं पाणी गेलं ते गेलंच. दाजींनी हे ऐकून सुस्कारा सोडला. एवढ्या मोठ्या माणसाच्या पेवातही पाणी शिरतं, याचं त्यांना दुःख झालं की समाधान, ते कळलं नाही.

मी मध्येच ब्रेगेचं टाइप ट्वेंटी सुचवून पाहिलं. फ्रेंच हवाई दलासाठी १९५० च्या दशकात निघालेली ही जात. एकच बटण दाबलं की धावता काटा शून्यावर येतो आणि न थांबता नव्यानं धावायला लागतो. एरवी थांबवा, शून्य करा, पुन्हा सुरू करा असा तीनदा खटाटोप. दाजींनी तेवढ्यावरून ते बाद केलं. “चालू खातं एका दाबात शून्य? उधारीच्या वहीला असलं बटण कुणाच्या नजरेस पडलं तर आमचा धंदा बसला.”

माझ्या मनगटावर एचएमटी पायलट आहे, हे इथं सांगायला हरकत नाही. रोज चावी द्यायची, सतरा खडे, काळी तबकडी. एचएमटीनं सिटिझनच्या मदतीनं बंगळुरूला घड्याळं करायला घेतली १९६१ साली, आणि देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात निघाली तीही १९६१ सालीच. त्यामुळे पायलट शब्दावर आमचा हक्क सांगलीपेक्षा जुना, असं मी दाजींना ऐकवत असतो. क्रोनोग्राफ नाही त्यात. पण आमच्याकडे मोजण्यासारखं असतं तरी काय? हळद शिजली की नाही ते काडी टोचून कळतं.

शेवटी आम्ही तिघं पुण्याला निघालो. खंबाटकीचा बोगदा संपेपर्यंत दाजी आयडब्ल्यूसीवर पक्के होते, कात्रजला पुन्हा डळमळले. दुकानात वातानुकूलन इतकं की अण्णांनी खिशातली माकडटोपी चाचपली. हातमोजे घातलेल्या मुलानं मखमली ताटलीत दोन्ही घड्याळं आणून ठेवली. अण्णांनी विचारलं-बिचारलं नाही, नॅव्हिटायमर उचलून मनगटावर चढवलं आणि धोमच्या कालव्यातून सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतं ते काढायला बसले. “रेषा फार बारीक आहेत,” ते मधूनमधून म्हणत होते, “पण खोटं बोलत नाही.” मुलगा त्यांच्याकडे काळजीनं बघत होता.

दाजींनी तोवर किंमत कमी करायला घेतली. मुलगा म्हणाला, सवलत नसते. दाजींनी शांतपणे खिशातून रुमाल काढला आणि त्याच्या हातमोज्यावर टाकला. बैलबाजारात सौदा होतो तसा, वर रुमाल, खाली बोटं. सौदा कुठल्या घड्याळाचा ते अजून ठरलं नव्हतं, पण दाजींची बोटं हलायला लागली. मला वाटलं, आता पहारेकरी येणार. पण पोरगं वाळवा तालुक्यातलं निघालं. आजोबा बैलांचे दलाल. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि रुमालाखाली दाजींचं एक बोट दाबलं.

“एक टक्का?” दाजींनी हळूच विचारलं.

“नाही मामा, एक पट्टा. जादाचा.”

“कसला?”

“मगरीच्या कातड्याचा.”

कृष्णाकाठचा माणूस. औदुंबरला, भिलवडीला मगर दिसली म्हणून आठवड्याला ओरड ऐकणारा. दाजींनी रुमालाखालून हात असा झटकन बाहेर ओढला की अण्णा कालवा सोडून उठले आणि पहिल्यांदा दाजींची पाचही बोटं मोजून घेतली.