गच्चीवरचा सूर्यनमस्कार

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नेमानं सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांमधून पोरांकडूनही घालून घेत. संस्थान लहान, तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. म्हणजे सूर्यासमोर वाकायची सवय या दोन्ही जिल्ह्यांना राजाज्ञेनंच लागली, असं म्हणायला हरकत नाही. आता ते काम आम्ही गच्चीवर सोपवलंय. पाणी तापवणाऱ्या सोलरच्या काचेच्या काळसर नळ्या तिथं दिवसभर तिरक्या पडून नमस्कार घालतात आणि आम्ही खाली सात वाजेपर्यंत झोपतो.

साताऱ्याच्या आत्याकडं सोलर बसवायला आलेल्या पोराला तिनं पहिला प्रश्न विचारला होता, "तोंड दक्षिणेला का रे? पूर्वेला नाही होत?" दक्षिणेकडं तोंड करून आमच्यात कुणी जेवायलाही बसत नाही. पोरगं हुशार होतं. आपण विषुववृत्ताच्या सतराएक अंश वर राहतो. साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य जरा उत्तरेला सरकतो, बाकी सगळं वर्ष तो दक्षिणेकडूनच जातो, असं त्यानं नीट समजावून सांगितलं. आत्या म्हणाली, "बरं. पण टाकीवर स्वस्तिक काढून जा."

त्या टाकीला पंप लागत नाही. नळीत तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक वर टाकीत चढतं, टाकीतलं गार पाणी त्याच्या जागी खाली उतरतं, आणि ऊन आहे तोवर हे चालूच राहतं. शंभर लिटर पाणी चाळीस अंशांनी तापवायला गिझर साडेचार युनिटच्या पुढं वीज खातो. तीन-चार माणसांच्या आंघोळीचं तेवढं पाणी इथं गुपचूप तापतं. हौशी लोक विचारतात, मग छतावरच्या पॅनेलच्या विजेवरच गिझर का लावू नये? लावा की. पण पॅनेल उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलतं आणि या नळ्या निम्म्याच्या आसपास ऊन थेट पाण्यात उतरवतात. नुसत्या आंघोळीसाठी आधी वीज करायची आणि मग तिची परत उष्णता करायची, हा द्राविडी प्राणायाम झाला.

यापूर्वी आमच्याकडं बंब होता. तांब्याचा, चिंचेनं घासलेला. त्याच्या पोटात शेणी, तुरकाट्या, चिपाडं, हाताला लागेल ते जायचं आणि न्हाणीत डोळे चोळतच शिरावं लागायचं. एक बादली गरम काढली की एक गार ओतायची, हा कायदा. मोडणाऱ्याला आजी नावानिशी हाक मारून परत बोलवायची. सोलरला असा पहारेकरी नाही. शिवाय गच्चीवरून खाली येईपर्यंत पाइपातलं गार पाणी आधी सोडून द्यावं लागतं. ती बादली तुळशीला घालायची की धुण्याला, यावर घरोघरी मतभेद आहेत. आणि जसजशी गरम पाण्याची उचल होते, तसतसं टाकीत खालून गार पाणी शिरतं, त्यामुळं शेवटच्याच्या वाट्याला कोमट. बंबाच्या काळात घरची सून सगळ्यांच्या आधी उठून, पाणी पुरतं तापायच्या आत न्हायची. आता ती सगळ्यांच्या शेवटी न्हाते. विज्ञानानं तिचा नंबर बदलला, पाणी मात्र कोमटच ठेवलं.

सूर्याची देण्याची वेळ आणि आपली घेण्याची वेळ यांचं जमत नाही ते नाहीच. पाणी सगळ्यात कडक असतं दुपारी चारला. आमच्या सांगलीत मे महिन्यात गार पाण्याचा नळसुद्धा चटका देतो, तेव्हा गच्चीवरची टाकी उतू जाईल इतकी उदार असते. श्रावणात आत्याचा फोन येतो.

"चार दिवस ऊन नाही बघ इकडं. तुमच्याकडं?"

"आमच्याकडं लख्ख पडलंय."

"मग येऊ का आंघोळीला?"

विजेच्या बाबतीत मात्र सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीला मानलं पाहिजे. ज्या तालुक्यात कोयनेचं धरण आहे, ज्याच्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने उभे राहिले, त्याच तालुक्यातलं हे लहानसं गाव २०२४ साली राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. घरांचे दिवे तर झालेच, गावाची सार्वजनिक वीजसुद्धा उन्हावर. केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, हे कळल्यापासून आमच्या गल्लीतही छतं मोजणं सुरू झालंय. दुपारची जास्तीची वीज महावितरणकडं जाते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते. शेजारणीला वाटीभर साखर दिली की वाटी रिकामी परत येत नाही, तसंच.

भांडण आहे ते जागेचं. गच्चीवर पहिला हक्क कुरडयांचा, सांडग्यांचा आणि वर्षाच्या मिरचीचा. त्यावर तोडगा म्हणून लोक पॅनेल डोक्याच्या वर उंच सांगाड्यावर बसवतात. खाली वावरायला मोकळी जागा राहते, पण तिथं पडते सावली, आणि सावलीत कुरडई वाळत नाही. आत्यानं म्हणून पॅनेलला अजून होकार दिलेला नाही.

तिचा बंब सध्या हॉलमध्ये आहे, आत मनीप्लांट लावलेला. गेल्या दिवाळीला ऐन वेळी आभाळ आलं. नरक चतुर्दशीच्या पहाटेचं पाणी हे आदल्या दिवशीच्या उन्हाचं असतं, आणि आदल्या दिवशी ऊन नव्हतंच. आत्या उजाडायच्या आत उठून हॉलमध्ये बंबापुढं उभी राहिली आणि मनीप्लांट तात्पुरता कशात लावता येईल, एवढंच तिनं सगळ्यांना विचारलं.