संत्र्याची बाग आणि सागरपारचा मालक

अमेरिकेचे नागरिकत्व घेऊन भारताचे ओसीआय कार्ड, म्हणजे मतदानाच्या हक्काविना भारतात आजीवन येण्याजाण्याची मुभा देणारे कार्ड, बाळगणाऱ्या वऱ्हाडी माणसाला अमरावतीत किंवा अकोल्यात फ्लॅट बिनदिक्कत विकत घेता येतो. परंतु वरूड-मोर्शीकडे संत्र्याची बाग किंवा अकोटकडे कपाशीचे वावर मात्र घेता येत नाही, कारण परकीय चलनाचे व्यवहार नियंत्रित करणारा 1999 चा ‘फेमा’ कायदा आणि त्याखालील 2019 चे नियम यांनी शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस त्याच्यासाठी वर्ज्य ठरवले आहेत. बोंडअळी, पडलेले भाव आणि सावकार यांपासून इतके खात्रीचे संरक्षण वऱ्हाडातल्या निवासी शेतकऱ्याला आजवर कोणत्याही सरकारने दिलेले नाही, हे कबूल करावे लागेल.

नियमातील बारकावा तर अधिकच हृद्य आहे: वडील हयात असताना त्यांनी बक्षीसपत्राने, म्हणजे विनामोबदला हस्तांतराच्या दस्ताने, दिलेले वावर या लेकाला घेता येत नाही, मात्र त्यांच्या पश्चात वारसाहक्काने तेच वावर त्याच्या सातबाऱ्यावर विनातक्रार चढते; पितृप्रेमाला कायद्याने घातलेली ही अट कोणत्याही धर्मशास्त्राला सुचली नव्हती. यावर तोडगा म्हणून गावातल्या चुलतभावाच्या नावावर खरेदी उरकणारे बेनामी व्यवहारविरोधी कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतात, कारण 2016 च्या दुरुस्तीनंतर अशी मालमत्ता सरकारजमा होते. शिवाय ‘फेमा’चा दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिप्पट होऊ शकतो.