आधी प्लग काढा

मिक्सरचं भांडं बदलण्याआधी भिंतीतला प्लग उपसून काढणारं घर आमच्या इमारतीत एकच आहे, तिसऱ्या मजल्यावरचं, नानांचं. काकूंना हे पटत नाही. "चटणी वाटतेय हो मी, विहीर खणत नाहीये," असं त्या म्हणतात. पण प्लग काढतात. नाही काढला तर नाना हातातला पेपर खाली ठेवून स्वयंपाकघरात येतात, आणि एकदा आले की चटणीत मिरच्या किती यावरही बोलतात.

हा नियम मुळात राउटरचा. लाकडात खाच पाडणारं, कडांना गोलाई देणारं, दोन्ही मुठी धरून चालवायचं यंत्र. त्याचं बिट, म्हणजे कापणारं पातं, बदलताना चुकून बटण दाबलं गेलं तर काय, म्हणून आधी प्लग काढा. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, नाना नागदेवीला गेले. डोंबिवलीहून लोकल, मस्जिद स्टेशन, मग हातगाड्यांमधून वाट काढत हत्यारांची दुकानं. हे कितीतरी महिने चाललं होतं. एका खेपेला मला सोबत नेलं. नानांच्या वहीत रकाने आखलेले: वॅट, फेरे, कॉलेट, वजन, आणि शेवटचा रकाना 'आवाज'. दुकानदारानं ट्रिमर पुढे केला. नाना म्हणाले, हा एका हाताचा, पट्ट्यांच्या कडा मारायला ठीक. मला प्लंजवाला पाहिजे, वरून दाबून लाकडात उतरणारा. कॉलेट, बिट धरणारी पकड, 12 मिलिमीटरचं, म्हणजे जाड दांड्याचं बिट थरथरणार नाही. वेग कमीजास्त होणारा, कारण 50 मिलिमीटरचं बिट काही 22,000 फेऱ्यांनी गरगरवायचं नसतं. आणि सुरू होताना हळूच सुरू होणारा, मनगटाला हिसका न देणारा. दुकानदार खूश झाला. असं जाणकार गिऱ्हाईक रोज येत नाही. त्यानं सहज विचारलं, "काका, काम काय करणार यावर?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. वहीत तो रकाना नव्हता.

अशी माणसं तुमच्याही घरात असतील. कुणाचा कॅमेरा असतो, कुणाची दुर्बीण. पण फोटो किंवा चांदण्यांबद्दल त्यांना विचारू नये. भिंग पुसायचं कापड कुठलं, ते विचारावं.

शेवटी 1650 वॅटचं यंत्र आलं. आलं ते खोक्यातच राहिलं, कारण नानांनी भागाकार केला: 1650 भागिले 230 व्होल्ट, म्हणजे सात अँपिअरच्या वर, आणि गॅलरीतला पॉइंट 6 अँपिअरचा. घरात 16 अँपिअरचा मोकळा पॉइंट एकच, न्हाणीघराजवळचा, गीझरचा. तेव्हापासून राउटर चालू असला की गरम पाणी बंद. तिथून वायर निघते ती हॉलभर पसरून गॅलरीत जाते. एक्स्टेन्शनचा ड्रम अर्धा गुंडाळलेला ठेवला तर आतली वायर तापते, म्हणून नाना ती शेवटच्या वेढ्यापर्यंत उलगडतात, मग चार मीटरचं काम असो की पंधराचं. सोफ्याभोवतीच तीन वळणं होतात. पाहुण्यांना काकू सांगतात, "पाय उचलून या हं."

पुण्याच्या भाच्यानं एकदा बॅटरीचा राउटर दाखवायला आणला होता. वायर नाही, पायात येत नाही. नानांनी तो हातात घेऊन नीट पाहिला, परत दिला आणि म्हणाले, "छान आहे. दमला की आराम करतो, नाही का?"

प्रत्यक्ष कामाचा सोहळा पाहण्यासारखा असतो. चष्म्यावर गॉगल, नाकाला मास्क, कानांवर बोंडं. फळी दोन शिकंज्यांनी आवळलेली, आणि तरी ती हलवून पाहायची. बिट कॉलेटमध्ये तळापर्यंत घालायचं, मग दोन-तीन मिलिमीटर वर ओढायचं, मग नट आवळायचा. बिट नसताना नट आवळणाऱ्याला नाना माणसात धरत नाहीत, कॉलेट चेपतं. खाच 12 मिलिमीटर खोल हवी असेल तर तीन-तीन मिलिमीटरच्या चार फेऱ्या. "एका दमात घेतलंस तर लाकूड जळतं आणि मोटर रडते." दिशेचं सूत्र त्यांचं स्वतःचं आहे. बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं; म्हणून फळीच्या बाहेरच्या कडेनं यंत्र न्यायचं ते उलट्या प्रदक्षिणेनं, आणि चौकटीच्या आतून नेताना सुलट्या. चुकलं की यंत्र स्वतःच पळायला लागतं. हे त्यांनी मला सांगितलं ते गणपतीच्या देवळात, गाभाऱ्याभोवती चालता चालता. मागच्या बाई आमच्यामुळे खोळंबल्या होत्या.

मधेच लाइट गेली की सगळी इमारत "गेली!" म्हणते, नाना "स्विच!" म्हणतात. यंत्राचं बटण चालूच राहिलं आणि लाइट आली, तर राउटर एकटाच गॅलरीत नाचेल. कानांवर बोंडं असल्यामुळे काकूंची हाक पोचत नाही, आणि त्यांनी वैतागून मेन स्विच पाडला तरी "स्विच!" हेच उत्तर येतं.

नानांचं आवडतं बिट गोलाईचं. त्यामुळे त्यांच्या घरात टोकदार असं काही उरलेलं नाही. चौरंग झाला, पाट झाले, देव्हाऱ्याची पायरी झाली, टीपॉय झाला. पोळपाट आधीच गोल; त्याच्या कडेला नक्षीदार उतार दिला, आणि तेव्हापासून काकूंच्या लाटण्याला तिथे पोळी सापडत नाही. खालच्या मजल्यावरची माणसं आता नाना येणार म्हटलं की लाकडी वस्तूंवर टेबलक्लॉथ टाकतात. आमच्या धाकट्याचं कपाळ एकदा टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी नाना दारात उभे, "टेबल वर पाठव." ते टेबल मात्र सुंदर झालंय. हात फिरवला की काढावासा वाटत नाही.

मात्र त्यांचा खरा जीव निगेत आहे. काम अर्ध्या तासाचं असलं तर नंतरची सफाई तासाभराची. झडपांतला भुसा फुंकून काढायचा, बिटावरचं चिकट काळं रॉकेलच्या फडक्यानं पुसायचं, कॉलेटच्या चिरा पितळी ब्रशनं साफ करायच्या. मोटरला वीज पोचवणारे कार्बन काढून पाहायचे. झिजून खुणेशी आले असले तर दोन्ही एकदम बदलायचे, एक नवा एक जुना असा संसार नाही. मग एक दिवस त्यांना उमगलं की मिक्सरमध्येही त्याच जातीची मोटर, तेच कार्बन. झालं. कुणाच्या स्वयंपाकघरातून जळका वास आला किंवा ठिणगी दिसली की जिन्यात चपला वाजतात. आज इमारतीतल्या बहुतेक मिक्सरांची तब्येत त्यांच्या वहीत आहे. पैसे घेत नाहीत. फक्त प्लग काढताना मालकिणीनं समोर उभं राहिलं पाहिजे.

शेजारच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम निघालं तेव्हा नाना दोन दिवस जेवले नाहीत. मिस्त्री ट्रिमर एका हातात धरून, तोंडात खिळे, डोळ्यांवर काही नाही, सनमायक्याच्या कडा सरसर मारत होता. वायरला प्लगच नव्हता. उघड्या तारा सॉकेटमध्ये काड्यापेटीच्या काड्यांनी खोचलेल्या. नानांनी "आधी..." एवढं म्हटलं आणि काढायला काहीच नाही हे पाहून गप्प बसले. संध्याकाळी तो ट्रिमर मागून घेऊन आले. रात्रभर काय केलं देव जाणे. सकाळी मिस्त्रीनं बटण दाबलं आणि दचकला. "अंकल, ये मेरा ही है ना? आवाज कैसे बंद हो गया?" नानांनी वहीतल्या शेवटच्या रकान्यात काहीतरी लिहिलं.

थर्मोकोलवर 2018 मध्ये बंदी आली, तेव्हापासून सोसायटीचं मखर प्लायचं असतं. यंदा ते नानांकडे. त्यांनी आषाढातच कामाला हात घातला, म्हणजे साचा करायला घेतला. साच्याच्या कडेनं गाइड बुश फिरते आणि बिट तिच्या आतून कापतं. बुश 16 ची, बिट 6 चं, म्हणून साचा प्रत्येक बाजूनं पाच मिलिमीटरनं वेगळा. हे कमिटीच्या बैठकीत आकृती काढून समजावलं. सेक्रेटरींनी विचारलं, मखर कधी? नाना म्हणाले, साचा चुकला तर मखर चुकेल. साचा तीनदा झाला. चतुर्थीच्या आदल्या रात्री एकच खांब तयार होता, डावा, दुहेरी गोलाईचा, दृष्ट लागेल असा. उजवा शेवटी त्याच मिस्त्रीनं जिगसॉनं तासाभरात कापून, घासून उभा केला. दुरून कुणाला फरक कळला नाही.

दहाही दिवस प्रत्येक आरतीला नाना उजव्या खांबापुढे उभे राहायचे. सेक्रेटरी मोबाइल धरून म्हणाले, "नाना, जरा इकडे सरका, फोटोत मखर येत नाहीये." नानांनी टाळ आणखी जोरात वाजवायला सुरुवात केली.