नामांकितचा फारम

मंगळवारी ताडोबाचं गेट बंद, म्हणून मोहर्लीतले जिप्सीवाले मोकळे. त्यांची कागदपत्रांची कामं याच दिवशी उरकतात, आणि बायकांच्या गप्पाही. तट्ट्याच्या अलीकडे मी, पलीकडे काकू आणि सुपात तांदूळ घेऊन बसलेली त्यांची धाकटी शेजारीण.

"काऊन वं, तुया घरचा गडी सकाळीच तहसिलीत गेला म्हंते?"

"हो ना काकू. उत्पन्नाचा दाखला काढाले. पोट्ट्याचा नामांकित शाळेचा फारम भरतो, आदिवासी खात्याच्या योजनेतला. एक लाखाच्या आत लागते."

"जिप्सी चालवते अन् लाखाच्या आत?"

"जिप्सी मालकाची हाय, आपल्या हाती फक्त चाबी. पावसाळ्यात तीन महिने कोअर बंद, तवा काय खातो आपण?"

काकू यावर गप्प बसतील तर काकू कसल्या! "मंग पंचवीस टक्क्यात टाक ना. माह्या बहिणीच्या नातवाचा चंद्रपुरात नंबर लागला होता. जातीच्या दाखल्यावर झालं, उत्पन्नाचं कोणी पुसलंबी नाई."

"चंद्रपुरात, काकू! नकाशावर घर दाखवा लागते, मंग जवळच्या खाजगी शाळा दिसते. आपल्या घराजवळ काय दिसन? रिसॉर्ट."

खरं आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी विनाअनुदानित शाळेत दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवल्या. फी पालकांच्या हाती येत नाही, सरकार ती शाळेला देतं. मुलामागं वर्षाला 17,670 रुपये ठरलेले, आणि तेही थकतात अशी शाळांची ओरड. पण शाळाच नसली तर कायदा जागा कुठून काढणार? 2024 च्या फेब्रुवारीत तर शासनानं वेगळीच गंमत केली. एक किलोमीटरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असली की खाजगीला सूट! म्हणजे फुकटच्याच शाळेत फुकट जागा मिळावी म्हणून सोडत. 19 जुलैला मुंबई उच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला.

"कोर्टानं बरं केलं," धाकटी म्हणाली, "पण आपल्या इथं त्यानं शाळा थोडीच उगवली?"

"अन् नंबर लागूनबी आठवीपर्यंतच. बहिणीचा नातू औंदा आठवीत हाय. पुढच्या साली फी कुठून आणाची, हेच रडणं चालू हाय तिचं. बरं, तुया नामांकितची शाळा कोणती?"

"आदिवासी प्रकल्प ऑफिसवाले देतीन ते. इंग्रजी, अन् तिथंच राहाचं. बारावीपर्यंत."

"म्हंजे शाळा तू नाई पसंत केली?"

"आपल्याले कोण इचारते?"

अंगणात पोरगं ताटलीचं स्टिअरिंग करून तोंडानं जिप्सी चालवत होतं. मध्येच गाडी थांबवून, बोट ओठांवर ठेवून आम्हाला "शांत राहा" म्हणालं; समोर वाघ होता म्हणे. कोंबडी होती.

"रात्री तुया कुशीत झोपते ना हा?"

"झोपते." धाकटीनं सूप जरा जोरातच पाखडलं. "पण गेटवर इंग्रजी बोलणाऱ्या गाइडले पाव्हणे कसे टीप देते, पाहिलं ना तुमी?"

"पाहिलं वं. पण झेडपीतून नाव आताच नको काढू. गुरुजी म्हणत होते, पट उतरला का मास्तर उचलून नेते."

"नंबर लागल्याबिगर कशाले काढू?"

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. सून घरात होती.

"अन् येताना माह्या नातवाचाबी एक फारम आणाले सांग. नुसता आण. भराचा का नाई, ते मंग पाहू."

"झेरॉक्सचे पैसे द्या आधी."