अननसाविरुद्ध अर्ज कुठे करावा

महाड औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्या माणसाला तक्रारींचं वावडं नसतं, आणि कुठली तक्रार कुणाकडे न्यायची हेही त्याला पाठ असतं. वीज गेली की वायरमन. पाणी आलं नाही की सोसायटीचा सेक्रेटरी. रात्री खिडकीतून उग्र वास आला की प्रदूषणवाले. आणि रस्त्याबद्दल बोलायचं असेल तर समोर जो बसला असेल तो. माझ्या गॅलरीतल्या अननसाविरुद्ध अर्ज कुठे करायचा, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही.

अननस खाल्ला की तुरा फेकू नका, कुंडीत लावा, फुकटात झाड मिळेल, असं हल्ली जो तो सांगतो. हे फुकटचं झाड कुंडी, कुंडीखालची ताटली, कोकोपीट आणि लाल मातीची पिशवी एवढ्यावर भागतं. लाल माती पिशवीतून विकत घ्यावी लागते ही गोष्ट इथे वसाहतीशेजारच्या बिरवाडीत राहून कुणाला सांगू नये, म्हणून मी सांगत नाही. शिवाय मूळ अननस आहेच. आपल्याकडच्या बाजारातला बराचसा अननस केरळातून येतो आणि फळवाला तो सोलायला लागला की पहिला वार तुऱ्यावरच घालतो. “तुऱ्यासकट द्या,” म्हटलं तर तो हात थांबवून विचारतो, “पूजेला पाहिजे का?” होय म्हणणं सोयीचं पडतं.

पुढची कृती म्हटली तर सोपी आहे. तुरा पिळून काढायचा, बुडाशी चिकटलेला गर साफ करायचा, नाहीतर तिथूनच कूज लागते. खालची थोडी पानं सोलली की बुंध्यावर बारीक ठिपके दिसतात. तीच पुढची मुळं. मग तुरा काही दिवस सावलीत सुकवायचा आणि नंतर लावायचा. ही कृती ज्याने पहिल्यांदा सांगितली त्याने महाडचा जुलै पाहिलेला नसावा. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्या काळात रुमालसुद्धा इस्त्रीखाली वाळवावा लागतो. तुरा शेवटी फ्रिजच्या डोक्यावर ठेवला. आल्यागेल्याने त्याची चौकशी केली आणि एका पाहुण्यांनी हळदकुंकू कुठे आहे तेही विचारलं.

तुरा जगला. माझी तक्रार इथूनच सुरू होते. मेला असता तर पावसाला, मातीला किंवा कोकोपीटवाल्याला बोल लावून विषय मिटला असता. गुलाब मेला, कढीपत्ता मेला, आंबेनळी घाटातून सांभाळून आणलेली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तर खाली उतरल्या उतरल्या गेली. प्रत्येकाबद्दल चार माणसांत बोलता आलं. अननस मरत नाही आणि काही करतही नाही. मधूनच एखादं पान काढतो, तेही कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने.

पोलादपूरकडच्या आत्याला हे सगळं हास्यास्पद वाटतं. तिच्या परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर अननस आपोआप वाढतात आणि पिकले की माकडं नेतात, त्यामुळे तिला त्यांचं कौतुक नाही. “अरे, तुरा कसला लावतोस, फुटवा ने की इथून,” ती म्हणाली. तिचं बरोबर आहे. फुटव्याला दीड वर्षात फळ धरतं, तुऱ्याला दोन वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. फुलल्यावर फळ पिकायला आणखी पाचसहा महिने. मी म्हटलं, ज्या मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचा पहिला टप्पा २०११ साली सुरू झाला त्याच्या कडेला आम्ही राहतो, आम्हाला दोन वर्षांचं काय सांगता. ती म्हणाली, “रस्त्याला निदान मुदत तरी देतात.”

कंपनीतल्या लोकांचे सल्ले वेगळ्या जातीचे असतात. अननस दिवसा पानांची छिद्रं मिटून बसतो आणि रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतो. तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि उजाडल्यावर उन्हात त्याची साखर करतो. पाणी वाचावं म्हणून ही व्यवस्था. हे आमच्या एका शिफ्ट इन्चार्जना सांगितलं तर ते गंभीर झाले. कायम रात्रपाळी, रात्रीचा माल टाकीत, दिवसा प्रोसेस, आणि इतकं करून दोन वर्षांत प्रॉडक्शन शून्य. असा माणूस आमच्याकडे टिकला नसता, म्हणाले.

दुसऱ्यांचं म्हणणं, झाडाला इथिलीन द्या. हेही शास्त्राला धरून आहे. एकोणिसाव्या शतकात अझोर्स बेटांवरच्या काचघरांत धूर झाला आणि अननस एकदम फुलले. धुरात इथिलीन असतं हे नंतर कळलं. आता बागायतदार त्यासाठी इथेफॉन वापरतात. धूर कमी पडला असं आमच्या भागाबद्दल कुणी म्हणणार नाही, तरी माझ्या झाडावर परिणाम नाही. घरगुती उपाय म्हणजे झाड पुरेसं मोठं झालं की त्याच्याजवळ पिकलेलं सफरचंद ठेवायचं आणि दोघांना मिळून प्लास्टिकची पिशवी घालायची. म्हणजे केरळच्या फळाचं डोकं लावायचं, त्याला फूस लावायला हिमाचलचं फळ आणायचं, आणि ते सफरचंद अननसापेक्षा महाग.

अकबराच्या दरबारी या त्रासाला प्रतिष्ठा होती. अननसाची लहान रोपं भांड्यात घालून प्रवासात नेता येतात आणि त्यांना फळंही येतात, अशी नोंद अबुल फजलने करून ठेवली आहे. जहांगीरने तर आग्र्याच्या एका बागेत वर्षाला हजारो अननस होतात असं लिहिलं. पोर्तुगीजांनी हे झाड भारतात आणून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. बादशहाच्या कुंडीजवळ कपडे वाळत घातलेले नसत, हा एक फरक धरला पाहिजे. माझं झाड काटेरी कडांचं निघालं. वाऱ्याने दोरीवरचा कपडा हलला की पान त्याला धरून ठेवतं. ओढणी फाटली की घरातून “तुमचा अननस” असा उल्लेख होतो. एरवी तो आपला असतो.

पावसाळ्यात डासांच्या अळ्या तपासायला येणाऱ्या ताई टाकी, ड्रम, फ्रिजमागचा ट्रे पाहतात. त्या कुंडीपाशी थांबल्या. अननसाच्या पानांच्या बेचक्यात पाणी साठतं, ती त्या जातीची रीतच आहे. “हे रिकामं करत जा आठवड्याला,” म्हणाल्या. झाड उलटं कसं करायचं ते त्यांनी सांगितलं नाही, पण वहीत नोंद केली. माझ्या नावावर आजवर सरकारी वहीत एवढीच शेती आहे.

फळ एकदाच येतं. मधोमध एक दांडा निघतो, त्यावर शंभर-दोनशे जांभळट फुलं लागतात आणि सगळी एकमेकांना चिकटून एक अननस होतो. तो काढला की त्या झाडाचं काम संपलं. पुढे बुडाचे फुटवे वाढतात. ही माहिती मी इमारतीत सहज बोलून गेलो. त्यामुळे दांड्याचा पत्ता नसताना फुटव्यांची वाटणी झाली आहे. एक तळमजल्यावर जाणार, एक शिफ्ट इन्चार्जना, एक सेक्रेटरींच्या मेहुण्यांना. आत्यालाही एक हवा आहे, माकडांना द्यायला. आलंच फळ तर ते फार तर मुठीएवढं असेल आणि त्याच्या डोक्यावर तुरा असेल. तो वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी आत्ताच सांगून ठेवला आहे, “फेकू नका हं भाऊजी, फुकटात झाड होतं.”