एक तप, रोज अर्धा तास

पुसेगाव म्हटलं की लोकांचा चेहरा साताऱ्याकडे वळतो. सेवागिरी महाराजांच्या रथाचं पुसेगाव ते. आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. सोयाबीन, तूर, हळद आणि एसटीची वाट बघणं ही इथली प्रमुख पिकं. त्यातलं शेवटचं बारमाही. अशा गावात परकी भाषा कोण शिकणार, असं बाहेरच्याला वाटतं. पण फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, तरुणांना जर्मन शिकवण्याच्या गोष्टी सुरू झाल्या, आणि जर्मनी एकदम तालुक्याच्या पुढचा थांबा असल्यासारखी वाटू लागली. तेव्हापासून नर्सिंग झालेल्या पोरी आणि आयटीआय झालेली पोरं एकच प्रश्न विचारतात. जर्मन अवघड आहे का, हा तो प्रश्न नव्हे. आपल्याकडे अवघड असण्याला कुणी भीत नाही. प्रश्न असा, की रोज किती वेळ द्यावा लागेल?

उत्तर द्यायला सगळे तयार. मास्तर म्हणतात दोन तास. शहरात क्लास लावलेला चुलतभाऊ म्हणतो चार. मोबाइल म्हणतो, पाच मिनिटं बस झाली. पारावरचे एक आजोबा, ज्यांनी आयुष्यात घड्याळ फक्त लग्नाच्या मुहूर्तासाठी पाहिलं, ते म्हणतात, "मन लावून करा, टायमाचं काय घिऊन बसलात?" वेळ दुसऱ्याचा असला की माणूस फार उदार होतो.

आपण जरा हिशेबच मांडू, आणि जर्मनच्या आधी अवघड टोक घेऊ, जपानीचं. हा हिशेब अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं आधीच करून ठेवला आहे, कारण त्यांना आपले अधिकारी देशोदेशी पाठवायचे असतात. त्यांच्या प्रशिक्षण संस्थेच्या अनुभवानुसार इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला जपानी कामापुरती चांगली यायला वर्गातले सुमारे 2200 तास लागतात. म्हणजे 88 आठवडे, आणि घरचा अभ्यास वेगळा. हिंदीला लागतात 1100 तास. हे वाचून आमच्या गावाला स्वतःबद्दल आदर वाटायला हरकत नाही, कारण आपण तेवढं हिंदी सिनेमे बघून आणि क्रिकेटचं समालोचन ऐकून शिकलो, तेही हजेरी न लावता.

आता 2200 तासांना मोबाइलच्या पाच मिनिटांनी भागा. बहात्तर वर्षं येतात. म्हणजे पाचवीच्या पूजेला सटवाईसमोर वही-पेनाबरोबर मोबाइलही ठेवायचा, तिथूनच सुरुवात करायची आणि जपानी नीट बोलता येऊ लागलं की नातवंडांचा निरोप घ्यायचा. रोज पंधरा मिनिटं दिली तर चोवीस वर्षं. आणि रोज अर्धा तास दिला तर? बारा वर्षं. एक तप! आपल्या ऋषिमुनींनी विद्येसाठी बारा वर्षांचं माप ठरवलं तेव्हा त्यांच्यासमोर जपानी नव्हती, पण आकडा मात्र नेमका जुळला.

जर्मन त्या मानानं दयाळू. नर्सचं काम करायचं तर साधारण बी-टू पातळीची परीक्षा पास करावी लागते, आणि शून्यापासून तिथवर जायला पंचेचाळीस मिनिटांच्या 600 ते 800 तासिका धरतात. तासांत सांगायचं तर साडेचारशे ते सहाशे. रोज अर्धा तास दिला तर अडीच ते सव्वातीन वर्षं. एक तास दिला तर सव्वा ते पावणेदोन वर्षं. तीन तास दिले तर पाच ते सात महिने. गणित इतकं सरळ आहे की पोरं लगेच तिसरा पर्याय निवडतात. सोमवारी तीन तास होतात. मंगळवारी अडीच. बुधवारी चुलत्याच्या घरी साखरपुडा निघतो. गुरुवारी बुधवारचे धरून सहा तास बसायचं ठरतं, आणि सहा तास एका जागी बसायचे या विचारानंच माणूस दमून झोपतो.

मोबाइलवाल्यांनी यावर उपाय काढला आहे. एका लोकप्रिय ॲपवर हिरवं घुबड असतं. आपल्याकडे घुबड घरावर बसलं की आजी मीठ-मोहऱ्या काढायची. आता आपणच त्याला खिशात घेऊन फिरतो. एक दिवस चुकला की सलग दिवसांची मोजणी मोडते, म्हणून माणसं लग्नाच्या वरातीत, दवाखान्याच्या रांगेत, रात्री बारा वाजायला दहा मिनिटं असताना "अस्वल सफरचंद खातं" असलं वाक्य पुरं करतात. भाषा येते की नाही ते पुढं बघू, पण घुबड नाराज होता कामा नये. हसण्यासारखं आहे खरं, तरी त्या घुबडाला एक गोष्ट पक्की कळलेली आहे: खंड पडता कामा नये.

ही गोष्ट हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 साली स्वतःवर प्रयोग करून छापली होती. निरर्थक अक्षरांच्या माळा तो पाठ करी आणि किती विसरलो ते मोजत बसे. अशी माळ एका दमात घोकताना 68 आवर्तनं करून जेवढा फायदा झाला, तेवढाच फायदा तीन दिवसांत वाटून केलेल्या 38 आवर्तनांत झाला. मराठवाड्यातल्या कुठल्याही देवळात त्याला हे फुकटात बघता आलं असतं. आमच्याकडे संध्याकाळी हरिपाठ होतो. तो पाठ करायला कुणी कधी बसत नाही. टाळ वाजवणारं आठ वर्षांचं पोर अर्ध्या ओळी चुकीच्या म्हणतं, पुढच्या वर्षी पाव ओळी, आणि मिसरूड फुटेपर्यंत सगळा हरिपाठ त्याच्या तोंडात असतो. वेळ किती दिला म्हणाल, तर रोजची संध्याकाळ.

परकी भाषा दिवसभर शिकण्याचा प्रयोगही आमच्या भागानं केलेला आहे, फक्त तो कुणी मागितला नव्हता. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूतून चाले. 1918 साली सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. 17 सप्टेंबर 1948 ला ते राज्य संपेपर्यंत शेताचा कागद असो की कोर्टाची तारीख, भाषा एकच. "रोज किती वेळ द्यावा" असा प्रश्न त्या पिढीला पडला नाही. पोटाला रोज जेवढा वेळ लागतो तेवढा त्या भाषेला जात होता. त्यातूनच निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी निघाले. उर्दू-फारसी तर त्यांना आलीच. पण सरकारी अधिकारी म्हणून आदिवासी भागात नेमणूक झाली तेव्हा ते गोंडी आणि कोलामीही शिकले, गोंडीचं व्याकरणही लिहिलं. समोर बसलेल्या माणसाचं गाऱ्हाणं दुभाष्याशिवाय समजावं, एवढी गरज असली की वेळ आपोआप निघतो.

दुसरा मार्ग विनोबांचा. 1942 च्या आंदोलनात ते वेल्लोरच्या तुरुंगात गेले आणि तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या चारही भाषा एकदम शिकायला बसले. चार एकदम कशाला, असं कुणी विचारलं तेव्हा पाचवी नाही म्हणून, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. हा मार्ग उत्तम असला तरी संसारी माणसाला सुचवता येत नाही. भाषेसाठी सलग दोन वर्षं मिळवायची तर तुरुंगाइतकी सोयीची जागा नाही, पण नंतर व्हिसाला अडचण येते.

माझा आवडता विद्यार्थी मात्र आमच्या शेजारचाच. कयाधूकाठचं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. घरचा धंदा शिंपीकाम. हा माणूस तेराव्या-चौदाव्या शतकात पंजाबपर्यंत गेला, तिकडच्या लोकांना कळेल अशा बोलीत पदं रचली, आणि त्यातली 61 पदं आज गुरू ग्रंथसाहिबात आहेत. विठ्ठलाला त्यांनी त्या भाषेतही बरोबर नेलं. गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे. 2015 साली अठ्ठ्याऐंशीवं मराठी साहित्य संमेलन तिथंच भरलं. सातशे वर्षांपूर्वी ना क्लास, ना पुस्तक. नामदेवांनी रोज किती वेळ दिला, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. पण शिंप्याच्या धंद्यात एक सोय असते: हात सुईत गुंतलेले, तोंड आणि कान मोकळे.

गावातल्या माणसानं नेमकं हे लक्षात घ्यावं. भाषेला पहिल्यांदा लागतो तो कानाचा आणि तोंडाचा वेळ. खुरपणी करताना, हळद वाळत घालताना, म्हशीखाली बसल्यावर, सेनगावच्या एसटीत उभं राहिल्यावर हात कामात असतात आणि कान रिकामे असतात. त्यात एरवी शेजारच्याची निंदा जाते. तिथं ऐकावं, पुटपुटावं. लिहायला आणि व्याकरणाला मात्र बैठक लागते, तिला पर्याय नाही. पण तासांच्या आकड्यांची धास्ती घेऊ नये. 2020 मध्ये टाळेबंदीत छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाट गावातल्या जिल्हा परिषद शाळेची मुलं जपानी शिकत होती. कारण विचारलं तर म्हणे यंत्रमानव बनवायचे आहेत. मोबाइल सगळ्यांकडे नव्हते. ज्याला आलं तो दुसऱ्याला सांगायचा. या मुलांनी बारा वर्षांचा हिशेब आधी केला असता तर ती विटीदांडूच खेळत बसली असती.

आता राहिला बैठकीचा अर्धा तास, आणि खरी अडचण इथंच आहे. तो मिळत नाही, तो घरातून सुटावा लागतो. मुलगा पुस्तक घेऊन बसला की त्याचा अभ्यास असतो. मुलगी बसली की तिचं पुटपुटणं असतं.

"काय पुटपुटायलीस गं?" आजी विचारते.

"जर्मन, आजी."

"मंग पुटपुटता पुटपुटता तेवढी भाजी निवडून टाक."

भाजी निवडताना ऐकणं होईलही. पण शब्दांची लिंगं पाठ करायची असतात तेव्हा मेथी मध्ये येते. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत. मराठीतही तीनच, म्हणजे इंग्रजी माणसाला जो धक्का बसतो तो आपल्या पोरीला बसत नाही. फक्त कोणत्या वस्तूला कोणतं, ते नव्यानं घोकावं लागतं. त्यासाठी दार लोटलेलं हवं आणि हाक नको. सोयाबीनच्या काढणीत तेही जमणार नाही, हे मान्य. त्या दिवसांत दहा मिनिटं करावीत, पण करावीत.

तेव्हा माझं उत्तर असं. परीक्षा देऊन परदेशी नोकरी करायची असेल तर रोज एक तास बैठकीचा आणि वर हात कामात असतानाचा कानाचा वेळ. हौसेसाठी शिकायची तर अर्धा तास पुरे, त्यातली दहा मिनिटं मोठ्यानं, शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तो हसेल, हसू द्यावं. वेळ रोजची एकच असावी आणि झेपेल तेवढीच ठरवावी. आणि ज्यांना स्वतः काहीच शिकायचं नाही, त्यांनाही एक काम आहे. घरात कुणी शिकत बसलं असेल, तर त्या अर्ध्या तासात तिला हाक मारू नका. माठ कुठं आहे ते तुम्हाला माहीत आहे. पाणी आपलं आपण घ्या.