काका, हे काय?

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी ‘आपण कुठे असता?’ असं विचारलं की मी ‘एल अँड डीमध्ये’ म्हणतो आणि ते ‘वा, एल अँड टी! फार मोठी कंपनी’ म्हणून खूश होतात. मी दुरुस्ती करत नाही. केली, तर लर्निंग अँड डेव्हलपमेंट म्हणजे काय ते जिलबी थंड होईपर्यंत सांगत बसावं लागतं आणि शेवटी ‘म्हणजे तुम्ही शिकवता?’ हा प्रश्न येतोच. त्याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. मी काही शिकवत नाही. ज्यांना येतं त्यांना, ज्यांना येत नाही त्यांच्यासमोर आणून बसवायचं, एवढीच माझी नोकरी. हॉल, प्रोजेक्टर, चहा आणि हजेरीपट माझ्याकडे, विद्या दुसऱ्याची.

मी लागलो तेव्हा या खात्याला साधं ‘ट्रेनिंग सेंटर’ म्हणत. ते कारखान्याच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडशेजारी होतं. तंत्रज्ञान म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टर. त्याचा पंखा वक्त्यापेक्षा मोठ्यानं बोलायचा. ट्रान्सपरन्सीवर कागद ठेवून एकेक ओळ खाली खाली उघडी करत जायचं, हे त्या काळचं ॲनिमेशन. दिवा उडाला की वक्ते आधी गोंधळत, मग खडू उचलत, आणि पुढचा तास हमखास रंगे. पॉवरपॉइंट खरं तर 1987 साली मॅकिंटॉश संगणकांसाठी बाजारात आलं. आमच्या सायकल स्टँडपर्यंत पोहोचायला त्याला बरीच वर्षं लागली. आल्यावर मात्र त्यानं उशिराची भरपाई केली. वाक्यं डावीकडून उडत येऊ लागली, अक्षरं गिरक्या घेऊ लागली, आणि सुरक्षेवरच्या गंभीर व्याख्यानात टाळ्यांचा आवाज वाजू लागला, कारण तो काढायचा कसा हे कोणालाच माहीत नव्हतं.

आता सगळं पोर्टलवर आहे. त्यामागे ‘स्कॉर्म’ नावाचं एक प्रमाण आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकारातून ते निघालं आणि जगभरच्या कारकुनी शिक्षणाला त्यानं शिस्त लावली. धडा कोणी उघडला, किती वेळ उघडा होता, पुरा केला का, मार्क किती पडले, हे ते इमानेइतबारे नोंदवतं. समोर माणूस होता की नाही हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. उजव्या हातानं पोहे खात, डाव्या हातानं ‘नेक्स्ट’ दाबत अग्निशमनाचा अख्खा अभ्यासक्रम पार केलेले इंजिनिअर मी पाहिले आहेत, आणि मार्चअखेरीस आमचा आकडा 100 टक्क्यांवर जातो तो त्यांच्याच जिवावर.

आमच्या धंद्यात मोजमापाचं शास्त्र नाही असं मात्र समजू नका. डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी 1959 मध्ये त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. प्रशिक्षण आवडलं का, ही पहिली. काही शिकलात का, ही दुसरी. कामावर परत गेल्यावर वागण्यात फरक पडला का, तिसरी. आणि त्यातून संस्थेचं काही भलं झालं का, ही चौथी. जगभरची प्रशिक्षण खाती ही शिडी भिंतीला टेकवून पहिल्या पायरीवर बसली आहेत. तिथं बसायला बरं वाटतं. फीडबॅक फॉर्म जेवणानंतर भरून घेतला आणि जेवणात गुलाबजाम असले, तर वक्त्याचं विषयावरचं प्रभुत्व वाढतं, हे मी अनुभवानं सांगू शकतो. एसी बंद पडला तर ते तितक्याच वेगानं घटतं.

या साऱ्या थाटामाटातून विद्या जाते कुठून, हे मला पेंटशॉपमधल्या एका काकांमुळे कळलं. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. ‘काकांचं नॉलेज कॅप्चर करा’ असा वरून मेल आला. (कॅप्चर हा शब्द वाचून काका म्हणाले, ‘पळून चाललोय का मी?’) कॅमेरा आला, कॉलरला माइक लागला. गेली कित्येक वर्षं ‘ए, गन नीट धर रे’ एवढ्यावर शॉप चालवणारे काका कॅमेऱ्याचा लाल दिवा लागताच म्हणाले, ‘सर्वप्रथम आपण सुरक्षेची सर्व साधने परिधान करावीत. तदनंतर रंगाची घनता तपासून घ्यावी.’ मग त्यांनी फोर्ड कप दाखवला. तळाला भोक असलेली ही छोटी वाटी रंगानं भरायची आणि ती रिकामी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. त्यावरून रंग पातळ की दाट ते ठरतं. सेकंद किती हवेत ते एसओपीत, म्हणजे कामाच्या ठरवून दिलेल्या पद्धतीच्या कागदात, छापलेलंच आहे. काकांनी तेच वाचून दाखवलं. व्हिडिओ स्वच्छ, आवाज स्पष्ट, ज्ञान शून्य.

कॅमेरा पिशवीत गेला तेव्हा आयटीआयचा एक अप्रेंटिस तिथंच घोटाळत होता. तो म्हणाला, ‘काका, पण काल माझे सेकंद बरोबर भरले होते. तरी ऑरेंज पील का आलं?’ ऑरेंज पील म्हणजे रंग वाळल्यावर पत्र्यावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबड दिसते, तो दोष.

काका एकदम काका झाले. ‘काल दुपारी ऊन किती होतं? आणि थिनर कोणता घातलास? नेहमीचाच ना? अरे, एवढ्या उन्हात तो गनमधून निघून पत्र्यावर बसेपर्यंत निम्मा उडून जातो. मग रंगाला पसरायला सवड कुठली? एप्रिल-मेमध्ये स्लो थिनर घ्यायचा. आणि तू गन धरतोस हातभर लांबून. जवळ ये. गन फिरली की पॅनेलकडे असं तिरकं बघायचं, ओलं चमकतंय का. सरळ बघून काय दिसणार, तुझंच तोंड!’

तिरकं बघायचं हे एसओपीत नव्हतं. व्हिडिओतही नव्हतं. मी काकांना विचारलं, मघाशी हे का नाही सांगितलंत? ते म्हणाले, ‘मघाशी विचारलं कुणी?’ आणि थोडं थांबून, ‘मी तिरकं बघतो हे मलाच आत्ता कळलं.’

या उत्तरावर मी बरेच दिवस अडून बसलो. जाणती माणसं विद्या दडवून ठेवतात, असा आमच्या क्षेत्रात एक पक्का समज आहे आणि ती काढून घेण्यासाठी आम्ही नवनवी यंत्रं विकत घेत असतो. पण काकांनी काहीच दडवलं नव्हतं. विद्या त्यांच्या मानेच्या त्या तिरक्या वळणात होती आणि ती शब्दांत यायला एका अडलेल्या पोराचा प्रश्न लागला. कॅमेऱ्याला काही अडलेलं नसतं.

माझी ही समजूत फोटोकॉपी यंत्रांच्या मंडळींनी आणखी पक्की केली. ज्युलियन ऑर नावाचा एक मानववंशशास्त्रज्ञ आदिवासी पाडे सोडून झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती-तंत्रज्ञांबरोबर हिंडला आणि 1996 मध्ये त्याचं ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ हे पुस्तक निघालं. कंपनीनं तंत्रज्ञांना दुरुस्तीच्या पायऱ्या सांगणाऱ्या पुस्तिका दिल्या होत्या. अडचण एवढीच की यंत्रं पुस्तिका न वाचता बिघडत. तेव्हा ही माणसं न्याहारीला, जेवणाला एकत्र जमत आणि एकमेकांना यंत्रांच्या गोष्टी सांगत. अमुक गिऱ्हाइकाकडचं यंत्र असं का वागलं, मग मी काय केलं, तरी ते कसं ऐकेना. वरवर पाहता गप्पा. प्रत्यक्षात तेच त्यांचं विद्यापीठ. 1990च्या दशकात कंपनीनं ‘युरेका’ नावाची सोय केली: तंत्रज्ञानं आपली युक्ती लिहायची, दुसऱ्या तंत्रज्ञांनी ती तपासायची आणि मग ती सगळ्यांना खुली करायची. युक्तीला पैसे द्यावेत का, अशी चर्चा झाली. तंत्रज्ञांना पैशांपेक्षा युक्तीखाली आपलं नाव असावं याचं अगत्य होतं.

हे वाचलं तेव्हा मला आमचं पोर्टल आठवून ओशाळल्यासारखं झालं. तिथं काकांचं नाव नाही. तिथं ते ‘एसएमई’ आहेत, म्हणजे सब्जेक्ट मॅटर एक्स्पर्ट. काकांनी ते वाचून विचारलं होतं, ‘एसएमई म्हणजे लघुउद्योग ना? कर्ज मिळतं का त्यावर?’ आणि पानाच्या तळाशी छापलंय : तयार करणारे, एल अँड डी.

नावाचं राहू दे, प्रश्नाचं मोल मात्र आपल्याकडे एका वकिलाला फार आधी कळलं होतं. विष्णु नारायण भातखंडे. गाण्यातल्या चिजा म्हणजे घराण्याची ठेव. मुलाला द्यावी, आवडत्या शिष्याला निम्मी द्यावी, बाकीची घेऊन जावं, असा तो जमाना. भातखंडे देशभर हिंडले, उस्तादांच्या मिनतवाऱ्या केल्या, शेकडो चिजा मिळवून स्वरलिपीत लिहिल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापून कोणालाही घेता येतील अशा करून ठेवल्या. लिपीत गाणं उतरत नाही, ही तक्रार तेव्हाही होती, आजही आहे आणि ती खरीही आहे. पण मला त्यांचं दुसरं काम जास्त मोहवतं. 1910 पासून निघालेले ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे त्यांचे मराठी ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आहेत. शिष्य विचारतो, गुरू सांगतो, शिष्याचं समाधान होत नाही, तो पुन्हा विचारतो. एवढा व्यासंग असलेल्या माणसाला सरळ व्याख्यान ठोकता आलं नसतं का? पण समोर कोणी विचारणारा नसताना सांगायचं कसं, हे त्यांना पटलं नसावं. त्यांनी विचारणाराही स्वतःच लिहून काढला. आमच्या ई-लर्निंगमध्येही दोन पात्रं संवाद करतात. पण त्यातला शिष्य फारच शहाणा असतो. तो ‘अच्छा, म्हणजे हेल्मेट घालणं महत्त्वाचं आहे तर!’ म्हणून लगेच समाधान पावतो.

कधी कधी उलटी गंगाही वाहते. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्श यांनी 1999 च्या सुमारास आपल्या सुमारे 500 वरिष्ठांना इंटरनेट शिकण्यासाठी तरुणांच्या हाताखाली बसवलं आणि ‘रिव्हर्स मेंटरिंग’ हा शब्द आमच्या धंद्यात रूढ झाला. आमच्याकडे त्यासाठी शब्दाची वाट पाहिली नव्हती. 2001 मध्ये एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा सुरू झाली आणि गावोगावच्या कचेऱ्यांतले भाऊसाहेब, अण्णासाहेब आपल्या मुलाच्या वयाच्या पोरासमोर माऊस धरून बसले. परीक्षेचं प्रमाणपत्र मिळालं वर्गातून. पण ‘फाइल गेली कुठे?’ हे शिकवलं ते शेजारच्या टेबलावरच्या नव्या पोरीनं, दबक्या आवाजात, साहेबांची आब राखून. आब राखून शिकवणं हे फार अवघड कसब आहे आणि त्याचा कोर्स अजून कोणी काढलेला नाही.

आता तर विचारायला यंत्रच आलं आहे. आमच्याकडे नव्या इंजिनिअरांसाठी चॅटबॉट बसवलाय. त्याच्याकडे आलेल्या प्रश्नांची यादी, नावं वगळून, मी पाहिली आणि मला भरून आलं. ‘मायक्रॉन म्हणजे नक्की किती?’ रात्री दीड वाजता. चार वर्षं इंजिनिअरिंग करून, कॅम्पस इंटरव्ह्यूत झळकून आलेलं पोर हे कुणाला विचारणार? साहेबाला विचारलं तर अप्रेझलमध्ये निघेल. यंत्र हसत नाही, चिडत नाही, ‘एवढंही माहीत नाही?’ म्हणत नाही. लाजेपायी आयुष्यभर न विचारले गेलेले किती प्रश्न आता वाटेला लागतील! याबद्दल मी त्या यंत्राचा मनापासून ऋणी आहे.

चिंता वाटते ती काकांची. पोराला उत्तर मिळालं, ठीक. पण काकांना प्रश्न मिळाला नाही. शॉपमध्ये आता बरंच शांत असतं. पोरं मोबाइलमध्ये मान घालून उत्तर घेतात आणि कामाला लागतात. पन्नाशीतले सुपरवायझर कडेला उभे असतात. त्यांच्या मानेतली तिरकी वळणं त्यांची त्यांनाही माहीत नाहीत आणि आता ती कळायचं काही कारणही उरलेलं नाही. शिवाय यंत्राला जे ठाऊक आहे तेही शेवटी कोणीतरी कोणालातरी सांगितलेलंच. सांगणंच आटलं, तर त्याच्या पोटात पुढचं येणार कुठून? हा प्रश्न मी चॅटबॉटलाही घातला. तो म्हणाला, फार छान प्रश्न आहे.

काका रिटायर होऊन आता गावी असतात. पण ‘पेंटशॉप मित्र परिवार’ नावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तो मला कोणी अधिकृतरीत्या दाखवलेला नाही. एका लाइनमननं विश्वासानं दाखवला. सकाळी त्यावर गुलाबाची फुलं आणि सुविचार. मग कोणाच्या तरी नातवाचं बारसं. आणि मध्येच एका दरवाजाचा फोटो, त्यावर पांढुरकी झाक, खाली एवढंच : ‘काका, हे काय?’ त्याखाली उत्तरांची रीघ. एक जण म्हणतो हवा दमट आहे, दुसरा म्हणतो कॉम्प्रेसरच्या लाइनमध्ये पाणी आलंय, तिसरा नुसता अंगठा दाखवतो. शेवटी काकांचा व्हॉइस मेसेज. त्यात मागून कोंबडा आरवतो आणि पुढं काका ओरडतात, ‘पावसाळ्यात एअर लाइनचं पाणी रोज सकाळी सोडायचं, किती वेळा सांगितलंय!’ प्रत्येकाचं नाव ज्याच्या त्याच्या उत्तरावर, आपोआप. तपासणी तिथल्या तिथं, तीही शिव्यांसकट.

हे वरपर्यंत गेलंच. आयटीवाले परवा माझ्याकडे आले. हा ग्रुप आपल्या पोर्टलवर आणू, प्रत्येक उत्तराला पॉइंट देऊ, महिन्याचा ‘नॉलेज चॅम्पियन’ निवडू, असा त्यांचा बेत होता. माझी मंजुरी हवी होती. मी म्हटलं, मंजुरी माझ्या हातात नाही, ॲडमिनला विचारा. ॲडमिन काका आहेत. फोन नंबर दिला, आणि दुपारी एक ते चार करू नका, एवढं तेवढं सांगून ठेवलं.